वडिलांची झडप मांडीतून बसते, मग वहिनीची छाती उघडून का?

चोपडा तालुक्यातील एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील ७२ वर्षांचे असून केळीच्या बागेत काम करताना दोनदा चक्कर येऊन पडले. इको तपासणीत त्यांची एओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, अतिशय आकुंचित झाल्याचे आढळले. उघडणारी जागा ०.७ चौरस सेंटिमीटर आणि झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातील सरासरी फरक ५२ मिलिमीटर पारा. नाशिकच्या एका डॉक्टरांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीने झडप बसवण्याचा, म्हणजे ‘टावी’चा सल्ला दिला, तर दुसऱ्या एका सर्जननी छाती उघडूनच शस्त्रक्रिया करावी असे सांगितले. त्याच घरातील ३४ वर्षांच्या वहिनींची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, खराब झाली आहे आणि त्यांच्याबाबत मात्र सर्वांनी एकमुखाने उघड्या शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला आहे. अमेरिकेत आता नळीने झडप बसवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा जास्त झाले आहे, असे वाचून ते विचारतात की, जगाचा कल इतका स्पष्ट असताना वडिलांबाबत दोन मते का, आणि जिला अजून तीस-चाळीस वर्षे काढायची आहेत त्या वहिनीच्या वाट्याला जुनी पद्धत का.

आधी माझी बाजू सांगतो. मी धुळ्यात गेली बावीस वर्षे हृदयरोगाची प्रॅक्टिस करतो. मी स्वतः टावी करत नाही आणि सर्जनही नाही. माझे काम रुग्ण ओळखणे, त्याला योग्य ठिकाणी पाठवणे आणि तो झडप बसवून परत आला की पुढची वर्षानुवर्षे त्याला सांभाळणे, एवढेच आहे. त्यामुळे झडप बसवण्याच्या दिवसापेक्षा तिच्या दहाव्या वर्षाचा विचार माझ्या डोक्यात अधिक असतो, आणि पुढील उत्तर त्याच बाजूने लिहिलेले आहे.

आपण वाचलेला आकडा खरा आहे. अमेरिकेत २०१९ साली टावीच्या ७२,९९१ प्रक्रिया झाल्या आणि एओर्टिक झडप बदलण्याच्या सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया मिळून ५७,६२६; त्या वर्षी तिथे नळीने शस्त्रक्रियेला मागे टाकले. पण ही दोन्ही संख्या फक्त एओर्टिक झडपेची आहे. आपल्या वहिनींच्या मायट्रल झडपेबद्दल त्या आकड्यात एक अक्षरही नाही. आपल्या प्रश्नातला निम्मा गोंधळ इथेच सुटतो, परंतु उरलेला निम्मा अधिक महत्त्वाचा आहे, कारण एओर्टिक झडपेबाबतसुद्धा हा वाढता आकडा नेमका कोणाचा आहे हे पाहिल्याशिवाय तो आपल्या वडिलांना लावता येत नाही.

पहिली टावी २००२ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी केली. शस्त्रक्रियेस सर्जननी नकार दिलेल्या, अगदी शेवटच्या टोकाला आलेल्या रुग्णावर ती झाली होती. पुढची कित्येक वर्षे हा उपचार अशाच रुग्णांपुरता मर्यादित राहिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ चाचणीत, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करणे शक्यच नव्हते अशा रुग्णांपैकी नुसत्या औषधोपचारावर वर्षभरात ५०.७ टक्के दगावले, तर टावी केलेल्यांपैकी ३०.७ टक्के. त्यानंतर अमेरिकेतील मंजुरी पायरीपायरीने खाली उतरत गेली: २०११ मध्ये शस्त्रक्रिया अशक्य असलेले, २०१२ मध्ये जास्त जोखमीचे, २०१६ मध्ये मध्यम जोखमीचे आणि २०१९ मध्ये कमी जोखमीचे रुग्ण.

जर्मनीचे आकडे मला याहून बोलके वाटतात. तिथे २००७ साली टावी झाल्या १४४ आणि २०१३ साली ९,१४७. त्याच काळात शस्त्रक्रिया ८,६२२ वरून ७,०४८ वर आल्या. म्हणजे टावी नऊ हजारांनी वाढल्या, पण शस्त्रक्रिया कमी झाल्या त्या जेमतेम दीड हजारांनी. बाकीचे रुग्ण आले कुठून? पूर्वी ज्यांना ‘वय झाले, आता घरी न्या’ असे सांगितले जात असे, ते हे रुग्ण होते. नळीने सर्जनच्या टेबलावरचा रुग्ण पळवला त्यापेक्षा कितीतरी अधिक घरच्या खाटेवरचा रुग्ण उठवला. अलीकडे मात्र कमी वयाचे रुग्णही नळीकडे वळू लागले आहेत, आणि तिथे मी सावध होतो, कारण कमी जोखमीच्या ज्या रुग्णांवर २०१९ च्या चाचण्या झाल्या त्यांचे सरासरी वय सुमारे ७३ होते. पंचावन्न वर्षांच्या माणसाला त्या निकालाचा आधार देता येत नाही.

आता आपल्या वहिनींचा मुद्दा, म्हणजे नळी एका झडपेत बसते आणि दुसरीत का बसत नाही. म्हातारपणी एओर्टिक झडपेत चुना, म्हणजे कॅल्शियम, साठतो. पडदे कडक होतात आणि झडपेचे कडेही खडबडीत होते. टावीची झडप म्हणजे धातूच्या जाळीत शिवलेले गायीच्या किंवा डुकराच्या ऊतीचे तीन पडदे. ती टाके घालून शिवली जात नाही; जुन्या झडपेतला चुनाच त्या जाळीला घट्ट धरून ठेवतो. ज्या चुन्याने रोग झाला तोच इथे खिळ्याचे काम करतो. मायट्रल झडप याच्या अगदी उलट आहे. तिचे कडे मोठे, गोल नसलेले आणि प्रत्येक ठोक्याला हलणारे असते, चुना असलाच तर सलग नसतो, आणि तिच्या शेजारूनच रक्त बाहेर पडण्याचा मार्ग जातो, त्यामुळे तिथे जाळी उघडली तर तो मार्गच अडू शकतो. नळीने मायट्रल झडप बदलण्याचे प्रयत्न होत आहेत आणि काही निवडक रुग्णांत ते यशस्वीही झाले आहेत, पण तो तरुण संधिवाती हृदयरोगाच्या रुग्णाचा नेहमीचा उपचार नव्हे.

आणि आपल्या भागात तरुण वयातला झडपेचा रोग म्हटले की तो बहुधा हाच असतो. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, चार दिवसांत मूल खेळू लागते आणि सगळे विसरून जातात. पंधरा-वीस वर्षांनी मायट्रल झडप आखडलेली सापडते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायकांचे निदान कित्येकदा पहिल्या बाळंतपणातच होते, कारण तेव्हा हृदयावरचा भार वाढतो आणि ‘दम लागस’ एवढीच तक्रार घेऊन त्या येतात. अमेरिकेत आणि जर्मनीत हा रोग आता इतका विरळ झाला आहे की त्यांच्या राष्ट्रीय आकड्यांत तो दिसणारही नाही. त्यांचा कल हा त्यांच्या म्हाताऱ्यांचा कल आहे. आपल्या घरात एकाच वेळी दोन्ही रोग आले असल्यामुळे ही तफावत आपल्याला एवढी ठळक दिसली.

वहिनींबाबत एक गोष्ट मात्र जरूर विचारून घ्या. मायट्रल झडप नुसती आखडलेली असेल, तिचे पडदे अजून मऊ असतील, गळती नाममात्र असेल आणि डाव्या कप्प्यात रक्ताची गाठ नसेल, तर झडप न बदलता फुग्याने मोकळी करता येते. जपानचे कान्जी इनोउए यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ही पद्धत जांघेतील शिरेतून, नळीनेच होते, आणि आपल्या देशात ती टावीच्या कितीतरी आधीपासून मोठ्या प्रमाणावर रुळलेली आहे. म्हणजे गरीब तरुणांच्या रोगासाठी नळी आपल्याकडे आधीच आली होती. बातम्यांत मात्र ती क्वचितच आली. वहिनींच्या इको अहवालात ‘सिव्हिअर’ हा शब्द आकुंचनापुढे आहे, गळतीपुढे आहे की दोन्हींपुढे, हे आपण लिहिलेले नाही. गळती जास्त असेल तर फुगा चालत नाही आणि सर्वांनी शस्त्रक्रियाच सांगितली त्याचे कारण बहुधा हेच असावे.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर खरा निर्णय धातूची झडप की ऊतीची झडप हा आहे. ऊतीची झडप साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकते आणि तरुण शरीरात त्याहून लवकर खराब होते; धातूची झडप टिकते, पण तिच्यासाठी रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बसवलेली देशी झडप ही धातूच्याच जातीची, आणि आपल्याकडच्या असंख्य रुग्णांना झडप परवडली ती तिच्यामुळे. ३४ व्या वर्षी सहसा धातूचीच झडप सुचवली जाते. परंतु वॉरफॅरिन गर्भाला अपाय करू शकते, म्हणून वहिनींना आणखी मूल हवे आहे का हे आधी विचारा, आणि कृपा करून ते दीर किंवा सासऱ्यांनी न ठरवता डॉक्टरांना ते त्यांनाच एकांतात विचारू द्या. माझ्यासमोर नवऱ्याने ‘नको’ म्हटल्यावर मान हलवणाऱ्या आणि दोन वर्षांनी गरोदर राहून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

गोळीचा विषय निघाला आहे म्हणून एक अनुभव सांगतो. शिरपूरकडच्या एका बाईंना बाहेरच्या एका मोठ्या शहरात धातूची मायट्रल झडप बसवली. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. घरी सोडताना मात्र तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) म्हणजे काय, तो दर महिन्याला का तपासायचा, हे कोणी समजावून सांगितले नाही. गोळ्या संपल्या तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते; त्या वेचणीला गेल्या आणि गोळ्या राहून गेल्या. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रात्रीच्या शांततेत शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो. एके दिवशी नवरा त्यांना घेऊन आला आणि म्हणाला, ‘डाक्टर, हिनं घड्याय बंद पडनं.’ मी छातीला स्टेथोस्कोप लावला. जिथे स्वच्छ टक् असा आवाज यायला हवा तिथे दबलेला, ओला आवाज येत होता. एक्स-रेच्या पडद्यावर झडपेचे एक पान अडकलेले स्पष्ट दिसले. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनने ते दुसऱ्या दिवशी सुटले, हे त्यांचे नशीब. तेव्हापासून मी धातूच्या झडपेच्या प्रत्येक रुग्णाच्या नवऱ्याला किंवा सासूला तो आवाज ऐकायला शिकवतो.

वहिनींसाठी आयएनआर तपासणारी प्रयोगशाळा तालुक्यालाच आहे का, तिथे महिन्यातून एकदा त्यांना कोण नेणार, हे शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ठरवा. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवावा लागतो. हिवाळ्यात मेथी, पोकळा, हरभऱ्याची भाजी रोज ताटात येऊ लागली की माझ्या रुग्णांचे आयएनआर घसरतात. भाजी बंद करू नये. बारा महिने बेताने आणि सारखी खावी. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. आणि कोणी ‘तपासणी न लागणारी नवी गोळी’ सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा: धातूच्या झडपांवर डॅबिगॅट्रान या अशाच एका गोळीची चाचणी झाली होती आणि ती गाठी व रक्तस्राव वाढल्यामुळे अर्ध्यावर थांबवावी लागली. घशाच्या जंतूंविरुद्धचे पेनिसिलीनचे इंजेक्शन चालू असेल तर झडप बदलल्यावरही ते आपल्या मनाने थांबवू नये.

आता वडील. त्यांना उपचार हवा याबद्दल दुमत नाही, दुमत पद्धतीबद्दल आहे, आणि दोन्ही डॉक्टर प्रामाणिक असूनही असे होऊ शकते. अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वे ६५ ते ८० या वयात दोन्ही पद्धती योग्य मानून रुग्णासह निर्णय घ्यावा असे सांगतात. युरोपने २०२१ मध्ये टावीकडे झुकण्याचे वय ७५ धरले होते आणि २०२५ मध्ये ते ७० वर आणले. आपले वडील ७२ वर्षांचे. म्हणजे २०२१ मध्ये युरोपातील डॉक्टर त्यांना एका रांगेत उभे करत आणि २०२५ नंतर दुसऱ्या रांगेत.

अशा सीमेवरच्या माणसाबाबत मी वयाचा दाखला बाजूला ठेवतो आणि तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे सीटी स्कॅन. झडपेचे कडे किती मोठे आहे, जन्मतः तीनऐवजी दोनच पडदे आहेत का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडे किती उंचीवर आहेत आणि मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी जाईल का, हे सगळे त्यातच कळते. तो झालेला नसताना टावीचा शब्द देणे घाईचे आहे. दुसरी गोष्ट अँजिओग्राफी. तीनही रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे निघाले तर एकाच वेळी बायपास आणि झडप करणारी शस्त्रक्रिया बहुधा सरस ठरते. तिसरी गोष्ट मी अहवालात शोधत नाही. रुग्णाला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगतो आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालवतो. सत्तरीत घड खांद्यावर घेणारा माणूस आणि सत्तरीत धोतर सावरताना दमणारा माणूस यांचे कागदावरचे वय एकच असते.

टावीचा मोठा फायदा म्हणजे छातीचे हाड कापावे लागत नाही; रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि आठवड्याभरात अंगणात फिरतो. शस्त्रक्रियेनंतर हाड जुळायला सहा ते आठ आठवडे आणि बागेतल्या कामाला परतायला तीन महिने लागतात. अमेरिकेतील नोंदीत टावीनंतर तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुरुवातीच्या ७.२ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत २.५ टक्क्यांवर आले. पेसमेकर लागण्याचे प्रमाण मात्र त्या सर्व वर्षांत हलले नाही; ते अकरा टक्क्यांच्या आसपासच राहिले. नऊ-दहा रुग्णांत एकाला पेसमेकर लागतो, ही गोष्ट टावी सुचवताना अनेकदा हळू आवाजात सांगितली जाते.

याच्यापुढचा प्रश्न फार कमी नातेवाईक विचारतात: ही झडप खराब झाली तर पुढे काय? ७२ व्या वर्षी बसवलेली ऊतीची झडप ८५ व्या वर्षी झिजली, तर जुन्या झडपेत नळीने नवी बसवता येते का, हे पहिली झडप कोणती आणि किती मोठी यावर अवलंबून असते. छाती उघडून मोठी ऊतीची झडप बसवली असेल तर पुढची नळीने बसवणे बहुधा सोपे जाते. उलट टावीची जाळी काढून नवी बसवण्याची शस्त्रक्रिया ऐंशीच्या पुढे फार जोखमीची असते. म्हणून दोन्ही डॉक्टरांना हाच एक प्रश्न विचारा आणि कोण तयार उत्तर देतो ते पाहा. मी अहवालांवरून बोलायचे तर, दोनच पडद्यांची झडप निघाली नाही, रक्तवाहिन्या ठीक निघाल्या आणि मांडीचा मार्ग चांगला असला, तर ७२ व्या वर्षी मी टावीकडे झुकेन. ६२ वर्षांचे असते तर सर्जनकडे पाठवले असते.

पैशाचा विचार करणे म्हणजे बापाच्या जिवाचा सौदा नव्हे. टावीचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो आणि वीस लाखांपर्यंतही पोहोचतो. वापीला तयार होणारी मायव्हाल ही भारतीय झडप आल्यापासून परदेशी झडपांना पर्याय मिळाला आहे, आणि २०२४ मध्ये ‘लँडमार्क’ चाचणीत ती परदेशी झडपांपेक्षा कमी नसल्याचे दिसले. छाती उघडून झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते आणि योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. दोन रुग्ण एकाच शिधापत्रिकेवर असतील तर ती रक्कम दोघांत वाटली जाईल, हे आधीच ध्यानात घ्या आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून कशाला मंजुरी मिळेल ते लिहून घ्या. एक एकर बाग विकून टावी करणे आणि तितकीच सुरक्षित शस्त्रक्रिया योजनेतून करणे यांत, वडील तब्येतीने खणखणीत असतील तर, दुसरा पर्याय निवडणाऱ्या मुलाला मी कधीही कमी लेखलेले नाही.

केंद्र निवडताना तिथे वर्षाला किती टावी होतात आणि टावीच्या वेळी सर्जन इमारतीत असतो का, एवढे तरी विचारा. कमी प्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेच्या नोंदीतच दिसून आले आहे. जाताना सीटी आणि अँजिओग्राफीची डिस्क न्या, नुसता छापील अहवाल पुरत नाही. दोघांचेही दात त्याआधी दाखवा. तंबाखूने किडलेल्या दातातून जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर बसले, तर मांडीतून बसवली की छातीतून याला काही अर्थ उरत नाही.

तारीख मिळेपर्यंत मात्र वेळ काढू नका. या झडपेत चक्कर सुरू झाल्यावर उपचाराविना माणूस सरासरी तीनेक वर्षेच काढतो, आणि त्यातले किती दिवस आधीच गेले आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. वडिलांना घडाखाली खांदा देऊ देऊ नका. आणि त्यांच्या खिशात कोणी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली असेल, तर ती आजच काढून घ्या. अरुंद एओर्टिक झडपेच्या माणसाला तिने रक्तदाब एकदम खाली जाऊन पुन्हा तीच चक्कर येऊ शकते.